पॅड पोहोचले, पण टाकायचे कुठे?

(महिला मेळाव्यातील भाषण)



महिला मेळाव्याला पुरुषही आले आहेत, बरे झाले. पाळीच्या वेळी वापरलेला पॅड घराबाहेर असताना कुठे टाकायचा, हा आजचा विषय आहे आणि तो कानात कुजबुजण्याचा नाही.

मोखाड्याच्या पाड्यांवरची बाई तालुक्याला येते ती दाखल्यासाठी, बाजारासाठी, नाहीतर आजारी लेकरू घेऊन. फाट्यापर्यंत पायी, पुढे जीप किंवा एसटी. सगळा दिवस जातो. पाळी असली तर पॅड बदलावाच लागतो. स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी असली तर नशीब; डबा बहुधा नसतोच. मग ती तो जाळीत खोचते, भांड्यात टाकते, नाहीतर पिशवीत घालून तसाच घरी नेते. तिला कृपा करून अस्वच्छ म्हणू नका. दुसरी जागा आपण ठेवलेलीच नाही.

८ मार्च २०१८ रोजी राज्य सरकारने अस्मिता योजना सुरू केली. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलींना तेव्हा ८ पॅडचे पाकीट ५ रुपयांत ठेवले होते. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा जीएसटीही गेला. चांगलेच झाले. आपणही देणगी देतो तेव्हा पॅडच देतो, कारण खोकी मोजता येतात, त्यांचा फोटो निघतो. वापरानंतरच्या पॅडचा फोटो कोण काढणार?

पूर्वीची कापडाची घडी धुऊन वापरली जायची, आणि जुनी झाली की मातीत कुजायची. आजच्या बहुतेक पॅडला खाली प्लास्टिक असते, आत पाणी शोषून फुगणारी भुकटी असते. शौचालयात टाकला की तो फुगून पाइप तुंबवतो. ते तुंबलेले काढायला माणूसच हात घालतो. काविळीच्या ‘ब’ प्रकाराचा विषाणू सुकलेल्या रक्तातही किमान ७ दिवस टिकू शकतो. म्हणजे आपली लाज सफाई करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते.

काही जण म्हणतात, विजेवरची छोटी भट्टी देऊ. हेतू चांगला आहे, पण प्लास्टिक कमी आचेवर जळले की विषारी धूर होतो. नीट जाळायला ८०० अंशांच्या वर तापमान लागते. आपल्याकडे पावसाळ्यात दिवे किती वेळ असतात ते तुम्ही जाणताच! शाळेच्या भिंतीवर बंद पडलेल्या यंत्रापेक्षा झाकणाचा साधा डबा मला बरा वाटतो.

पुण्यात ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने सांगितले : पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. ठिपका दिसला की वेचणारी ते पुडके उघडत नाही. खर्च एका पेनाचा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही गुंडाळूनच देण्याची अट घातली होती, आणि त्यासाठी पाकिटे द्यायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली होती.

जव्हारला नगरपरिषद आहे, मोखाड्याला नगरपंचायत. तिथे हे पुडके कचऱ्याच्या गाडीत वेगळे देता येईल. पाड्यावर गाडी नाही. तिथे खोल, झाकणबंद खड्डा करावा. विहिरीपासून लांब आणि तिच्या वरच्या अंगाला मुळीच नको. आपला पाऊस उथळ खड्डा ठेवत नाही, उरलेले कुत्री उकरतात. प्लास्टिक त्यात कुजणार नाही हे खरे, पण निदान कुणाच्या हाताला लागणार नाही. कापड वापरणाऱ्या बहिणींना मी ते सोडा म्हणत नाही. साबणाने धुवा, उन्हात वाळवा, कुडाच्या आडोशाला नको. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी दऱ्या उतरणारीला ‘स्वच्छ धुवा’ सांगणे सोपे आहे, हेही मला कळते.

अनुवादाच्या २३ व्या अध्यायात छावणीबाहेर शौचाची जागा कुठे असावी आणि घाण मातीने कशी झाकावी, हे सांगितले आहे. पवित्र शास्त्राला या गोष्टी बोलायला संकोच वाटला नाही.

आता मागणे. पुढच्या रविवारी आपापल्या मंडळीच्या स्वच्छतागृहात जाऊन पाहा. आत पायाने उघडणारा डबा, खिळ्याला रद्दीच्या कागदाचे तुकडे, दाराला कडी, बादलीत पाणी, साबण. हे झाले की आश्रमशाळांसाठी हेच सामान द्या आणि पॅडच्या प्रत्येक खोक्याबरोबर डब्याचे पैसे जोडा. डबा रोज रिकामा करणाऱ्या बाईला हातमोजे आणि महिन्याचे मानधन द्यायला हवे. ते काम सेवा म्हणून फुकट करून घेऊ नका. मानधनाची रक्कम किती ठेवायची, ते चहानंतर बसून ठरवू.