टॅपेट वाजले, आधी तेल पाहा

हजाराहून अधिक किलोमीटर गाडी चालवत महाराष्ट्रातून तंजावूरला येणारी कुटुंबं राजवाड्यात नेहमी दिसतात. गाडी बाहेर उन्हात लावायची, दरबार हॉल पाहायचा, तंजावूरच्या मराठा राजघराण्यातल्या सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महाल ग्रंथालयात रमायचं. परतल्यावर किल्ली फिरवली, की इंजिनाच्या माथ्याकडून टकटक सुरू! जवळचा मिस्त्री सांगतो, ‘टॅपेट गेले, सगळे बदलावे लागतील.’ परक्या गावात माणूस घाबरून हो म्हणतो. म्हणून आज या टॅपेटविषयी, म्हणजे फिरत्या कॅमचा दाब व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या भागाविषयी.

अॅम्बॅसेडर, प्रीमियर पद्मिनी या गाड्यांत व्हॉल्व्हपाशी मुद्दाम केसभर फट ठेवत. धातू तापला की प्रसरण पावतो, त्यासाठी ही सोय. ती फट फिलर गेज लावून ठरावीक काळाने जुळवावी लागे. तेलाच्या दाबावर चालणाऱ्या हायड्रॉलिक टॅपेटने ते काम स्वतःकडे घेतलं. १९३० साली कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरच्या गाडीत ही रचना आली. आपल्याकडे स्विफ्ट आणि इंडिका व्हिस्टामधून घरोघरी पोहोचलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन घ्या. पुण्याजवळ रांजणगावलाही ते बनलं. त्यात सोळा व्हॉल्व्ह आणि सोळा हायड्रॉलिक टॅपेट असतात.

सिरिंजमध्ये पाणी भरून तोंड बोटाने घट्ट दाबलं, तर दट्ट्या आत जात नाही. टॅपेटचं तसंच आहे. आतली स्प्रिंग दट्ट्या वर सारून फट भरून काढते, मागोमाग तेल आत येतं. कॅमचा दाब आला, की बारीकशी गोळी तेलाची परतवाट बंद करते आणि व्हॉल्व्ह उघडतो. थोडक्यात, टॅपेटची सगळी ताकद तेलात.

म्हणून पहिल्या दोन-चार सेकंदांची टकटक मनावर घेऊ नका. इंजिन बंद झालं तेव्हा जे टॅपेट दाबाखाली होते, त्यांतलं तेल हळूहळू निघून गेलेलं असतं. आवाज थांबलाच नाही, तर गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून थोड्या वेळाने डिपस्टिक पाहा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो. प्रमाणाबाहेर जास्त असेल तर फेस होतो. दोन्हींत टॅपेटमध्ये हवा शिरते, आणि हवा दबते. तेल जुनं झालं असेल, तर त्यातला चिकटा दट्ट्याला धरून ठेवतो. अशा वेळी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचं तेल आणि नवा फिल्टर घाला. उन्हाळा आहे म्हणून मनाने जाड तेल भरू नका. ते वर उशिरा पोहोचतं. मात्र ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन ताबडतोब बंद करा.

एवढ्यानेही टकटक राहिली, तर गेज लावून तेलाचा दाब मोजून घ्या. दाब कमी असेल तर दोष बहुधा पंपाचा किंवा बेअरिंगचा. नवे टॅपेटही वाजतीलच. दाब ठीक असेल, तरच कॅम उघडण्याचा खर्च करा. काढलेला प्रत्येक भाग त्याच्याच जागी परत जायला हवा. कॅमशाफ्ट आणि रॉकर झिजलेत का, तेही तेव्हाच तपासावं. नवे टॅपेट बसवल्यावर लगेच स्टार्टर मारू नये. ते जास्त भरलेले असतील, तर व्हॉल्व्ह उघडा राहून पिस्टनवर आदळू शकतो. थोडं थांबून क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा, कुठे अडत नाही ना पाहावं.

तेव्हा मिस्त्रीला टॅपेटची किंमत विचारण्याआधी तेलाचा दाब किती भरला ते विचारा. त्याने तो मोजलाच नसेल, तर काम थांबवा.