मातीत उरलेला दुष्काळ



पुरातत्त्व म्हटले की आपल्याला राजे, लेणी, नाणी आठवतात. मी मात्र आज एका साध्या शेतकरी गावाविषयी बोलणार आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजचे सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी तिथे उत्खनन केले. इ.स.पू. १६०० ते ७००, म्हणजे सुमारे ९०० वर्षे तिथे वस्ती होती.

भरभराटीच्या काळात घरे चौकोनी, ऐसपैस होती. नदीचे पाणी पाटाने वळवलेले होते. पाच खोल्यांच्या एका घराशेजारी धान्याचे कोठार होते. उत्खनकांच्या मते ते घर गावप्रमुखाचे. इ.स.पू. १००० नंतर लहान गोल झोपड्या आल्या, शेती घटली, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचा संबंध कमी झालेल्या पावसाशी जोडला. पुढच्या काही अभ्यासकांना तेवढेच कारण पुरेसे वाटले नाही. माणसाने जमिनीवर टाकलेला ताणही त्यांनी धरला.

तिथे मेलेल्या लहान मुलांना मडक्यांत ठेवून घराच्या भुईखाली पुरत. त्या हाडांच्या अभ्यासात शेवटच्या काळातल्या मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा दिसल्या. वाईट दिवसांची नोंद अशी लेकरांच्या हाडांत राहिली.

उत्खननाच्या त्याच वर्षांत, १९७२ साली, महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. हजारो बाया दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या. त्या अनुभवातून पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा आला. बायांनी कामाचा हक्क मागितला म्हणून त्यांचे कष्ट हजेरीपटावर तरी चढले.

इनामगावात पाटे-वरवंटे सापडले. त्यावर कोणाचे हात झिजले हे दगड सांगत नाही. पाण्याच्या खेपा तर मातीत उरतच नाहीत. पण आपण आज जिवंत आहोत, बोलू शकतो. दुष्काळ जाहीर होतो तो पाऊस, पीक, ओलावा यांच्या आकड्यांवर. बाईच्या डोक्यावरचा हंडा त्यात कुठे आहे?

म्हणून प्रत्येक गटाने एक वही घालावी. पाण्याला किती खेपा झाल्या, घरात शेवटी कोण जेवले, अंगणवाडीत मुलांची वजने किती भरली, गावचे पाणी कोणत्या पिकाला गेले, हे तारीखवार लिहावे आणि ग्रामसभेत वाचून दाखवावे. आपल्या लेकरांची हाडे कोणी खणून काढीपर्यंत वाट पाहायची नाही.