नदीवरचा पाळणा

रोप-वे म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो. १९९६ पासून माणसं तिथं पाळण्यात बसून गडावर जातात. पण डोंगर चढणारा पाळणा वेगळा अन् नदी ओलांडणारा वेगळा. तसला मी गुवाहाटीला पाहिला.

ब्रह्मपुत्रेच्या या काठाला कचारी घाट, त्या काठाला दौल गोविंद मंदिर. मध्ये पावणेदोन किलोमीटरहून लांब दोर. २४ ऑगस्ट २०२० ला हा रोप-वे सुरू झाला. पाळणे दोनच. रहाटाला दोन पोहरे बांधावेत, तसं गणित : इकडचा सुटला की तिकडचाही सुटतो, अन् मधोमध दोघांची गाठ पडते. जाड दोर जागचा हलत नाही, त्यावरून चाकं पळतात. ओढणारा दोर निराळा. एका खेपेला तीस माणसं. खांबावरून जाताना पाळण्यानं असा हेलकावा घेतला की मी हातातली पिशवी पोटाशी धरली. शेजारच्या बाई मात्र निवांत कच्ची सुपारी चघळत होत्या. आठेक मिनिटांत पार!

खाली होड्या चाललेल्याच होत्या. ५ सप्टेंबर २०१८ ला तिथंच उत्तर गुवाहाटीजवळ प्रवासी बोट उलटली होती. ते ऐकलं अन् मला आपलं उजनी धरण दिसलं. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी, वादळात, कुगावहून कळाशीला येणारी बोट बुडाली. सहा जीव गेले. कळाशी काही आमच्या लोणी देवकरपासून लांब नाही.

मग इथंही पाळणा टांगावा का? गावी आल्यावर पारावर हा विषय निघालाच. माझं मत, नको. वारा सुटला की पाळणाही थांबवावा लागतो. शिवाय आपला माणूस नुसता हात हलवत पलीकडं जात नाही. त्याच्यासोबत मोटारसायकल असते, दुधाचे कॅन असतात, खताची गोणी असते. शहरातल्या पायी माणसाला पाळणा झकास. करमाळ्याच्या बाजूला जाणाऱ्याला पूलच हवा. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झालेला आहे.

त्यावरून गाडी जाईपर्यंत मात्र एक करा. होडीत पाय टाकण्याआधी लाइफ जॅकेट मागा. नसेल, किंवा आभाळ भरून आलं असेल, तर ती खेप सोडून द्या. घरी उशिरा पोचलात तरी चालेल.