युद्धकाळातील गावची चावडी



दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ज्यांचे बालपण सातारा जिल्ह्यातील एखाद्या गावी गेले, त्यांना चावडी म्हणजे काय हे सांगण्याची आवश्यकता नाही. वसुली, पंचनामे, मामलेदारांचा मुक्काम हे तिचे व्यवहार सर्वश्रुत आहेत; मला बोलायचे आहे ते तेथे वाचल्या जाणाऱ्या पत्रांविषयी.

मराठा पलटणींत दाखल झालेले आमचे तरुण प्रथम आफ्रिकेत व पुढे इटलीत लढत होते. त्यांची पत्रे आली की, रॉकेलच्या टंचाईमुळे वात अगदी बारीक केलेल्या कंदिलापाशी बसून मास्तर ती मोठ्याने वाचीत, आणि लष्करी तपासनिसाने शाई फासलेली ओळ आली म्हणजे थांबत. त्या काळ्या पट्ट्यावरून बोट फिरवीत एखादी म्हातारी विचारी, "मास्तर, हितं काय लिवलं आसंल?" उत्तर कोणापाशीच नसे, पण त्या क्षणी तो प्रश्न साऱ्या गावाचा होई.

चावडी ही गावाची कणगी होती. घरोघरचे मूठमूठ सुखदुःख तीत पडे आणि ज्या घरी अशुभ तार येई त्या घराला त्याच साठ्यातून धीर मिळे. मात्र त्या कणगीला एक मोठे भोक होते. १९४१ साली बेळगावास महार पलटण उभी राहिली; तीत भरती झालेल्या मुलांच्या आयांना चावडीची पायरी चढण्याची मुभा नव्हती. पोटच्या पोराचे पत्र त्यांनी खाली अंगणात उभे राहून ऐकावे, हा अन्याय मी बालवयात पाहिला आणि तो आजही सलतो.

नायक यशवंत घाडगे व शिपाई नामदेव जाधव यांना इटलीतील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची नोंद इतिहासाने घेतली. परंतु ज्यांची नावे केवळ चावडीत उच्चारली गेली, त्यांचे काय? त्या चावडीत आज खताच्या गोण्या रचून कुलूप घातलेले मी पाहतो. अहो, कणगी दरसाल लिंपावी लागते. ती आपोआप टिकत नाही!

म्हणून एवढेच सांगतो: गोण्या हलवा, भिंतीवर त्या सर्व शिपायांची नावे लिहा, कोणत्या वाड्यावस्तीचा हे न पाहता लिहा, आणि पायरी सर्वांना मोकळी ठेवा. गावाने एकत्र बसून ऐकण्याची जागा गेली, तर प्रत्येक घर आपल्या दुःखाशी एकटे पडेल.