मथळे खरे झाले असते तर

(मुरबाड येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

घरातील जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यासाठी जाते. ती जाण्यापूर्वी तिच्या मथळ्यांवरून एकवार नजर फिरवावी. या देशातील गरिबांचे एकही दुःख आता शिल्लक नाही, अशी वाचणाऱ्याची खात्री पटेल. अडचण एवढीच, की मुरबाड-शहापूरच्या पाड्यांवर वर्तमानपत्र वेळेवर पोहोचत नाही. त्यामुळे आपण सुटलो आहोत ही वार्ता तेथील प्रश्नांना अद्याप कळलेली नाही!

समजा, हे मथळे शब्दशः खरे झाले असते तर काय घडले असते?

कुळकायद्यापासून प्रारंभ करू. कायदा १९४८ चा. १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी कूळ जमिनीचे खरेदीदार मानले जाणार होते. 'कसेल त्याची जमीन' हा मथळा खरा झाला असता, तर त्या सकाळी बैलांनीच सावकाराच्या वाड्याकडे पाठ फिरवून नांगरधाऱ्याच्या झोपडीची वाट धरली असती. परंतु बैलांपेक्षा तलाठ्याचे दप्तर अधिक बलवान ठरले. ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात चढले होते, त्याला जमीन मिळण्याचा संभव होता. ज्याने तोंडी बोलीवर जन्मभर जमीन कसली, तो कागदावर कूळच नव्हता. अनेक कातकरी कुटुंबांच्या पायाखाली तर झोपडीपुरतीही स्वतःची जागा नव्हती. क्रांतीसाठी सरकारने १ एप्रिल हीच तारीख का निवडली असावी, याचा उलगडा अशा मंडळींना फार लवकर झाला.

पुढे १९७१ साली 'गरिबी हटाव'ची घोषणा झाली. गरिबी मोठी आज्ञाधारक. दिल्लीहून हुकूम सुटताच ती हटली. पण कोठे जावे हे घोषणेत सांगितलेले नव्हते. तेव्हा ती हटत हटत कल्याणपर्यंत आली, तेथून एस.टी.ने मुरबाडला उतरली आणि डोंगराकडील पाड्यांवर बिऱ्हाड थाटून बसली. हटणे आणि नष्ट होणे यांतील फरक व्याकरणाच्या शिक्षकाला ठाऊक असतो. घोषणा लिहिणाराला तो ठाऊक असूनही परवडत नाही.

ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगारी वटहुकमाने रद्द झाली. १९७६ साली त्याचा कायदा झाला. हा मथळा खरा असता, तर सावकारांच्या वह्या आपोआप मिटल्या असत्या आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी राबणाऱ्या लग्नगड्याला मालकाने चहा पाजून निरोप दिला असता. प्रत्यक्षात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात विवेक पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८२ साली वसई भागात श्रमजीवी संघटना उभारून वेठबिगारांना सोडविण्याचे काम हाती घ्यावे लागले. कायदा होऊन सहा वर्षे लोटली होती. ज्या वेठबिगाराला सोडवायचे, त्याला आपण सहा वर्षांपूर्वीच सुटलो आहोत हे प्रथम समजावून सांगावे लागावे, यापरता विनोद कोणता?

आता पाण्याचे पाहू. दर पावसाळ्यात मुंबईची वर्तमानपत्रे आनंदाने सांगतात, की तानसा भरून वाहू लागला आणि पाण्याची चिंता मिटली. तानसा, मोडकसागर आणि भातसा हे तिन्ही जलाशय शहापूर तालुक्यात आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. एकटा भातसा त्या शहराची जवळजवळ निम्मी तहान भागवितो. चिंता खरोखरच मिटली असती, तर शहापूरच्या बाईने हंडे माळ्यावर टाकून दिले असते आणि टँकरवाल्याने टँकर भंगारात काढला असता. पण एप्रिल उजाडला की त्याच वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर शहापूरच्या टंचाईची चार ओळींची बातमी येते. धरण पहिल्या पानावर आणि धरणाकाठचा पाडा आतल्या पानावर! जलवाहिनी ज्या गावांवरून जाते, त्या गावांना फक्त तिचा आवाज ऐकू येतो.

मुरबाडच्या रेल्वेविषयी काय बोलावे! ती जितक्या वेळा 'मंजूर' झाली, तितके रूळ टाकले असते, तर गाडी माळशेज घाट चढून नगरपर्यंत केव्हाच पोहोचली असती. मुरबाडात आजही रेल्वे आलेली नाही. निवडणूक मात्र दर वेळी वक्तशीर येते.

मित्रहो, हसून झाले. आता या मथळ्यांची रचना पाहा. 'वेठबिगारी रद्द', 'रस्ता मंजूर', 'आदिवासींना वनहक्क'. यांत काम झाल्याचा भास आहे, पण कर्ता नाही. कोणी करायचे, कोणत्या गावी, कोणत्या तारखेपर्यंत, या तिन्ही गोष्टी गाळलेल्या असतात. वस्तुतः 'मंजूर' या शब्दापाशी कामाला आरंभ व्हायचा. आपल्याकडे तेथे त्याची समाप्ती मानली जाते. वनहक्क कायदा २००६ चा. आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला, अशी कबुली खुद्द त्याच्या प्रास्ताविकात आहे. पण मथळ्याने कोणालाही सातबारा मिळत नाही. दावा ग्रामसभेपासून निघतो, उपविभागीय समितीकडे जातो आणि जिल्हा समितीपाशी त्याचा निर्णय होतो. या तीन पायऱ्यांवर कष्टकऱ्याबरोबर चालणारा कार्यकर्ता नसेल, तर ऐतिहासिक अन्यायाची केवळ ऐतिहासिक नोंद तेवढी होते.

हा मोह सत्ताधाऱ्यांनाच आहे असे मानण्याचे कारण नाही. तहसील कचेरीवर मोर्चा जातो, निवेदन दिले जाते, दुसऱ्या दिवशी 'प्रचंड मोर्चा' असा मथळा छापून येतो आणि कात्रण फायलीत लागते. निवेदनाचे पुढे काय झाले हे विचारण्यास त्या प्रचंड मोर्चातील दोन माणसेही परत जात नाहीत. कात्रण मिळाले की चळवळ यशस्वी! मग मंत्र्याचा मथळा आणि कार्यकर्त्याचा मथळा यांत फरक तो काय उरला?

याच मुरबाड तालुक्यात सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देह ठेवला. त्यांच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडले तेव्हा मनोरा आधी पडला, बातमी नंतर झाली. त्याही आधी कोतवालांनी शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या चालविल्या होत्या. कामाचा हा क्रम आज उलटला आहे. तो पुन्हा सुलटा केला पाहिजे.

त्यासाठी मोठा निधी लागत नाही, एक वही पुरेशी आहे. डाव्या पानावर मथळा आणि त्याची तारीख लिहावी. उजव्या पानावर त्या मथळ्याचे कोणत्या पाड्यावर काय झाले, कोणत्या कचेरीत कागद अडला आणि पुन्हा केव्हा जायचे, हे लिहावे. ही वही दर ग्रामसभेत मोठ्याने वाचावी. ज्यांचे मथळे आहेत त्यांना ते मुळीच आवडणार नाही. उजवे पान कोरे राहिले, तर कार्यकर्त्यांनाही ते आवडू नये.