मोटारीची हजेरी

(नभोवाणीवरील भाषण)

चोरी म्हटली कीं मध्यरात्र, काळोख आणि भिंतीच्या कडेनें चालणारा कोणी इसम आपल्या डोळ्यांपुढें येतो. मीं आयुष्यांत प्रत्यक्ष पाहिलेली एकुलती एक चोरी मात्र रविवारीं सकाळीं साडेदहा वाजतां, लख्ख उन्हांत, आमच्या मुलुंडच्या आवारांत, पंधरावीस माणसांच्या देखत झाली. त्या माणसांत मीहि होतों. इतकेंच नव्हे, तर वाटेंत क्रिकेट खेळणाऱ्या मुलांना दरडावून चोरांना रस्ता मोकळा करून देणाराहि मीच होतों. आजचें भाषण हें त्या दिवसाचें माझें प्रायश्चित्त आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.

चोरीस गेली ती आमच्या शेजाऱ्यांची मोटार. या गृहस्थांना सारें आवार अण्णा म्हणतें. ही मोटार त्यांच्या वडिलांनीं, मायदेशीं परतणाऱ्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडून घेतलेली. दोन आसनांची, वरून उघडी, लांब नाकाची, आणि तारांच्या आऱ्या असलेल्या उंच चाकांची. मोटारींच्या जगांत तिला एम. जी. टी. सी. असें नांव आहे. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४५ ते १९४९ या काळांत, इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यांत अशा सुमारें दहा हजार मोटारी तयार झाल्या. इंजिन अवघें १२५० घनसेंटिमीटरचें; परंतु गाडी हलकी, त्यामुळें हिच्यांत बसणाऱ्यास वेग अंगाला जाणवतो. अण्णांना वडिलांनीं मोटार हांकावयास शिकविलें तें हिच्यावरच. पुढें वडील गेले, अण्णांचे गुडघे दुखूं लागले, आणि मोटार आवाराच्या कोपऱ्यांत ताडपत्रीखालीं उभी राहिली. ताडपत्रीवर बदामाचीं पानें सांचलीं, एका चाकांतील हवा गेली. पण विकण्याचा विषय निघाला कीं अण्णा उठून आंत जात.

त्या रविवारीं अण्णा लग्नानिमित्त पुण्यास गेले होते. क्रेन बसविलेली एक गाडी दारांतून आंत आली. निळ्या कपड्यांतील दोघे उतरले. एकाच्या हातांत कसलासा कागद होता. त्यांनीं ताडपत्री नीट घडी करून ठेवली, मोटारीचें तोंड उचललें आणि दहा मिनिटांत ते निघून गेले. पहारेकऱ्यास वाटलें, महानगरपालिकेचीं माणसें असतील. मला वाटलें, अण्णांनीं अखेर गाडी दुरुस्तीस काढली. तिसऱ्या दिवशीं अण्णा परतले आणि माझ्या दारांत उभे राहून म्हणाले, "मास्तर, गाडी कोणीं नेली?" मी म्हणालों, "तुमच्याच मिस्त्र्यानें ना?" त्यावर ते कांहीं बोलले नाहींत, माझ्या उंबऱ्यावरच बसले.

श्रोतेहो, या प्रसंगापासून मला समजलेली पहिली गोष्ट अशी कीं, जुनी मोटार चोर बहुधा चालवीत नेत नाहीं. तो ती उचलून नेतो. तिच्या दारांना बाहेरून लावावयाचें कुलूपच नसतें. छप्पर कापडाचें असतें. वजन आठशें-साडेआठशें किलोच्या आसपास, म्हणजे दोघांतिघांनीं ढकलली तरी सरकेल इतकें. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. नवी मोटार कोणी क्रेननें ओढूं लागला तर चार लोक विचारतात. धुळींत उभी असलेली जुनी मोटार ओढली गेली, तर लोकांना बरेंच वाटतें. आपल्या उपनगरांत बेवारस वाहनांवर महानगरपालिका नोटीस चिकटविते आणि मुदतींत तीं हलविलीं नाहींत तर उचलून नेते. हें दृश्य सर्वांच्या परिचयाचें आहे. चोरानें तेंच सोंग घेतलें. ज्या वस्तूकडे तिचा धनीच पाहत नाहीं, ती वस्तु नेणाऱ्याकडे तरी शेजारी कशाला पाहतील?

आतां उपायांकडे वळतों. उपाय तीन प्रकारचे आहेत: गाडी हलूं न देण्याचे, गेलेली ओळखतां येण्याचे, आणि जाऊंच न देण्याचे.

पहिल्या प्रकारांतील सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रोटर काढून ठेवणें. जुन्या पेट्रोलच्या इंजिनांत डिस्ट्रिब्यूटर नांवाची एक डबी असते. तिच्या टोपणाखालीं बोटाच्या पेराएवढा एक तुकडा फिरत असतो आणि तो प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनें ठिणगी पोंचवितो. हा तुकडा खिशांत घातला कीं इंजिन सुरू होत नाहीं. १९४० सालीं, जर्मन सैन्य किनाऱ्यावर किंवा आकाशांतून उतरेल या धास्तीनें, ब्रिटिश सरकारनें उभ्या केलेल्या मोटारी निकामी करून ठेवण्याची सक्ति केली होती. तेव्हां तेथील लोक रोटर काढूनच घरीं नेत. दुसरा उपाय पेट्रोलच्या पंपाचा. या गाडींतील पंप विजेवर चालतो. त्याच्या तारेंत एक गुप्त बटण बसविलें तर चोरानें इंजिन सुरू केलें तरी कार्ब्युरेटरमधील उरलेलें पेट्रोल संपतांच गाडी थांबते, आणि भर रस्त्यांत बंद पडलेली अशी मोटार लपविणें कठीण जातें.

परंतु क्रेनपुढें हे दोन्ही उपाय चालत नाहींत. त्यासाठीं जमिनींत काँक्रीटमध्यें लोखंडी कडी पुरावी आणि जाड साखळी गाडीच्या चासीच्या आडव्या पट्टीतून घ्यावी. ती चाकांतून ओंवूं नये. कारण या गाड्यांचीं चाकें मधल्या एका नटावर असतात आणि हातोडीच्या चार ठोक्यांत निघून येतात. गाडीचें तोंड भिंतीकडे असावें, आणि जमल्यास तिच्या मागें घरांतील दुसरें वाहन उभें करावें. अलीकडे गाडीचा ठावठिकाणा मोबाइलवर सांगणारें जी. पी. एस. यंत्र मिळतें. तें अवश्य लपवून बसवावें. मात्र त्याला स्वतःची बॅटरी असावी, कारण महिनोन् महिने उभ्या असलेल्या मोटारीची बॅटरी बहुधा मेलेली असते. शिवाय तळघरांतील वाहनतळांत त्याचा संदेश पोंचत नाहीं, हेंहि आधीं तपासून पाहावें.

एवढें करूनहि निर्धास्त राहतां येत नाहीं. 'गोल्डफिंगर' या १९६४ सालच्या चित्रपटामुळें जगप्रसिद्ध झालेली ॲस्टन मार्टिन मोटार १९९७ च्या जूनमध्यें अमेरिकेंतील फ्लोरिडा संस्थानांत, बोका रॅटनच्या विमानतळावरील हँगरमधून रातोरात नाहींशी झाली. विमानें ठेवण्याच्या जागेंतून जी जाते, ती आपल्या मुलुंड-बोरिवलीच्या आवारांतून जाणार नाहीं, असें कसें म्हणावें?

म्हणून दुसऱ्या प्रकारच्या उपायांकडे, म्हणजे ओळखीकडे, येतों. अण्णांबरोबर मी पोलीस ठाण्यावर गेलों. अधिकारी सौजन्यानें वागले. त्यांनीं तीन प्रश्न विचारले: चासी नंबर काय? इंजिन नंबर काय? अलीकडचें छायाचित्र आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें नोंदणीपुस्तकांत होतीं, आणि नोंदणीपुस्तक गाडीच्याच आसनामागें एका पिशवींत होतें. छायाचित्र एकच निघालें. त्यांत अण्णा सहा वर्षांचे आहेत, वडिलांच्या मांडीवर बसून चाक धरलें आहे, आणि मोटारीचा केवळ एक दिवा दिसत आहे.

याच्या अगदीं उलट एक उदाहरण सांगतों. गेरहार्ड बर्गर हा ऑस्ट्रियाचा शर्यतपटू. १९९५ च्या एप्रिलमध्यें इटलींतील इमोला येथें शर्यतीच्या वेळीं त्याची फेरारी चोरीस गेली. अठ्ठावीस वर्षें तिचा पत्ता नव्हता. २०२३ सालीं एका अमेरिकन गिऱ्हाइकानें ब्रिटनमधील दलालामार्फत एक फेरारी घेण्याचें ठरविलें. कारखान्यानें तिची तपासणी केली, तेव्हां ती हीच चोरीची गाडी असल्याचें उघड झालें. लंडनच्या पोलिसांनीं चार दिवसांत सारा माग काढला: चोरीनंतर थोड्याच काळांत गाडी जपानला गेली होती आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटनमध्यें आली होती. तिची खूण कारखान्याच्या दप्तरीं नोंदलेली होती, म्हणून ती सांपडली.

मी जन्मभर वर्गांत हजेरी घेतली आहे. ज्याचें नांव पटावर नाहीं, तो मुलगा गैरहजर राहिला तर मास्तरास कळणार कसें? मोटारीचेंहि तेंच आहे. चासी नंबर हें तिचें पटावरील नांव. तो कोठें कोरला आहे तें शोधा, त्यावर कागद धरून पेन्सिल घासून ठसा घ्या, जसा परिवहन कार्यालयाच्या अर्जावर घेतात. इंजिन नंबर पुस्तकांतील नोंदीशीं ताडून पाहा. आपल्याकडे जुन्या गाड्यांचीं इंजिनें अनेकदां बदललेलीं असतात. ती नोंद दुरुस्त केली नाहीं तर चोरीचें इंजिन उद्यां सांपडलें तरी तें आपलें असल्याचें सिद्ध करतां येणार नाहीं. चारी बाजूंनीं, आंतून आणि खालून छायाचित्रें काढा. पत्र्यावरील जुनी पोंच, आसनाचा टांका, घड्याळाच्या कांचेवरील चरा, अशा खुणा टिपून ठेवा. संपूर्ण मोटारीपेक्षां सुटे भाग खपविणें सोपें असतें. आणि सुटा भाग ओळखतां येतो तो अशा खुणांनींच. हीं कागदपत्रें गाडींत मात्र ठेवूं नका.

सरकारनेंहि आतां सोय केली आहे. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतील दुचाकी व चारचाकी वाहनांची 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंद होते. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षें चालते; पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क आहे. अशी गाडी रोजच्या वापरास किंवा धंद्यास चालत नाहीं. परंतु प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती व पेट्रोल यांसाठीं रस्त्यावर आणतां येते.

विम्याविषयीं दोन शब्द. पांच वर्षांहून जुन्या मोटारीची विम्यापुरती किंमत ही मालक व कंपनी यांच्या संमतीनें ठरते. ती ठरवितांना जाणकाराकडून लेखी मूल्यांकन घ्यावें; नाहीं तर मोलाच्या गाडीची किंमत भंगाराच्या भावानें लागते. चोरी झाल्यास प्रथम पोलीस ठाणें गाठावें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या कायद्याप्रमाणें फिर्याद कोणत्याहि ठाण्यावर देतां येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेंहि कळवितां येते, पण मग तीन दिवसांत सही करावी लागते. विमा कंपनीलाहि त्वरित कळवावें. तेथें उशीर झाला असला तरी धीर सोडूं नये. पोलिसांत फिर्याद तात्काळ दिली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळविलें एवढ्यावरून दावा फेटाळतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं ठरविलें आहे. गाडीच्या सर्व किल्ल्या जपून ठेवाव्या. कंपनी त्या मागते.

राहिला तिसरा प्रकार, गाडी जाऊंच न देण्याचा. आणि तो बिनपैशाचा आहे. आपली मोटार शेजाऱ्यांच्या ओळखीची ठेवा. महिन्यांतून एकदां ताडपत्री काढा, हवा भरा, इंजिन सुरू करा, आवारांतील मुलांना आळीपाळीनें बसवा. जिच्यांत बसलें आहे ती मोटार परका मनुष्य नेऊं लागला तर मुलेंच पहिला प्रश्न विचारतील. बाहेरगांवीं जातांना पहारेकऱ्यास आणि एका शेजाऱ्यास स्पष्ट सांगून जा कीं, माझी गाडी कोणीहि न्यावयास आला तर आधीं मला फोन करा. आज उपनगरांतील जुन्या इमारती पाडून तेथें मनोरे उभे राहत आहेत. तेवढ्या काळांत अशा कितीतरी गाड्या आवार सोडून रस्त्यावर, परक्यांच्या नजरेखालीं उभ्या असतात. त्यांच्या धन्यांनीं तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

अण्णांची मोटार मिळाली नाहीं. गुन्हा खरा, पण तपास लागला नाहीं, अशा अर्थाची 'अ समरी' कालांतरानें दाखल झाली. आवारांतील तिची जागा अण्णांनीं सोडलेली नाहीं. तिचें भाडें ते दरमहा भरतात. परवां एका नव्या बिऱ्हाडकरूनें तेथें स्कूटर लावली, तेव्हां खालचीं मुलें त्याला म्हणालीं, "काका, इथें अण्णांची गाडी असते." तें ऐकून अण्णा खिडकींतून आंत वळले, आणि मीं मान खालीं घातली.

त्या रविवारीं क्रेनवाल्याला मीं "कोणाच्या सांगण्यावरून आलांत?" एवढाच प्रश्न विचारला असता तर पुरें होतें. तो मीं विचारला नाहीं. तुमच्या आवारांत एखादी जुनी मोटार उभी असेल तर तुम्ही तो विचारा. आणि ती मोटार तुमचीच असेल, तर उद्यां सकाळीं एक कागद व पेन्सिल घेऊन खालीं उतरा.