आकाशातली विमाने आणि आपला कॅमेरा

(मंडळाच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ पथकाने आपल्या जलमहालावर कसरती केल्या. त्यानंतर कचेरीत, सोसायटीत ज्याच्या-त्याच्या मोबाइलवर एकच चित्र पाहायला मिळाले : रिकामे आकाश आणि त्यात नऊ ठिपके! म्हणून आज हा विषय घेतला.

हे पथक १९९६ साली बिदरला स्थापन झाले. तेव्हा ‘किरण’ विमाने होती. २०११ मध्ये खंड पडला आणि २०१५ पासून ‘हॉक’ विमानांवर पथक पुन्हा उभे राहिले. उडताना दोन विमानांच्या पंखांत पाच मीटरहूनही कमी अंतर असते. ते अंतर फोटोत दिसले तरच मजा.

मोठी लेन्स नाही म्हणून हिरमुसू नका. नुसते विमान मोठे काढले तर ते बंगळूरचे की जयपूरचे, हे कसे कळणार? जलमहाल आणि मागचे अरवलीचे डोंगर आधी चौकटीत बसवा आणि विमाने त्यात येण्याची वाट पाहा. रस्त्याकडच्या काठावर आपले तोंड पूर्वेला असते. सकाळी सूर्य समोर येतो आणि विमान काळे पडते. दुपार कलली की ऊन पाठीमागून येऊन लाल-पांढरा रंग उजळतो. आकाश फार उजळ असेल तर एक्स्पोजर थोडे वाढवावे. समोरासमोर येणारी दोन विमाने टिपायची तर एकाच्या मागे धावू नका, ती जिथे एकमेकांना ओलांडतील तिथे कॅमेरा रोखून ठेवा.

जेट विमानाला शटर एक हजारांश सेकंद किंवा त्याहून जलद चालते. हेलिकॉप्टरला मात्र तोच वेग ठेवला तर पाती गोठतात आणि ते खेळण्यासारखे टांगलेले दिसते. तिथे शटर दोनशे पन्नासांश किंवा त्याहूनही हळू ठेवून हेलिकॉप्टरबरोबर कॅमेरा फिरवावा. हात बसायला वेळ लागतो. रस्त्यावरच्या मोटारींवर सराव करा, फुकट आहे!

आता तरुण मंडळींसाठी जरा कडक बोलतो. प्रात्यक्षिकात विमाने आपल्याला दाखवण्यासाठीच आणलेली असतात, तिथे संयोजकांच्या सूचना पाळून खुशाल फोटो काढा. तळाच्या कुंपणाशी गोष्ट वेगळी. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्यात हवाई दलाचे तळ प्रतिबंधित जागा आहेत. ‘मी हौशी आहे’ हे पहारेकऱ्याला पटवणे सोपे नसते. ग्रीसमध्ये नोव्हेंबर २००१ मध्ये विमानांच्या छंदापायी गेलेले बारा ब्रिटिश आणि दोन डच कालामाता इथल्या लष्करी तळावर पकडले गेले. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षा झाली. अपिलात सुटका व्हायला नोव्हेंबर उजाडला. एका छंदापायी वर्ष गेले.

आपले सांगानेरचे विमानतळ नागरी आहे, पण जोधपूर, जैसलमेर, बिकानेरची प्रवासी विमाने हवाई दलाच्या तळांवरच उतरतात. मे २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने पश्चिम सीमेजवळच्या अशा तळांसाठी आदेश काढला : उड्डाण करताना आणि उतरताना, दहा हजार फुटांखाली, खिडक्यांचे पडदे बंद आणि चित्रीकरण मना. तेव्हा पुण्या-नागपूरचे पाहुणे जैसलमेरचा किल्ला पाहायला निघाले की डब्याबरोबर एवढेही बजावून पाठवा : विमान उतरताना मोबाइल खिशात.